इंजिनाच्या ब्लॉकवरचे उठावाचे आकडे कसे वाचायचे

जुनी जीप विकायला काढली की मालकाच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: "इंजिन ओरिजिनल आहे, नंबर बघून घ्या." बॉनेट उघडतं, मोबाइलची बॅटरी लागते आणि ब्लॉकच्या कुशीत काळ्या ऑइलच्या थराखाली एक जाडजूड, उठावदार आकडा दिसतो. घेणारा खूश होऊन फोटो काढतो आणि घरी येऊन आरसी बुकाशी ताडून बघतो, तर एकही अंक जुळत नाही. मग संशय, फोनाफोनी, वादावादी. कुडाळ-सावंतवाडीकडच्या मुरलेल्या मिस्त्र्याला तोच फोटो दाखवा, तो हसून म्हणेल, "झिला, ह्यो नंबर इंजिनाचो न्हय, साच्याचो आसा."

मिस्त्र्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. किराणा दुकानातलं जुनं बिडाचं वजन आठवा. त्यावर किलोचा आकडा आणि बनवणाऱ्याचं नाव उठावाचं असतं, आणि त्या साच्यातून निघालेल्या हजारो वजनांवर ते अगदी सारखं असतं. खालच्या खाचेतल्या शिशावर मात्र वजनमापे निरीक्षकाने हातोडी मारून उमटवलेला ठसा असतो, तो त्या एकाच वजनाच्या तपासणीचा. इंजिनाच्या ब्लॉकवरही हेच दोन प्रकार आहेत. उठावाचा तो कास्टिंग नंबर, म्हणजे हे बीड कोणत्या साच्यातून ओतलं त्याची खूण. ठोकून आत दाबलेला तो इंजिन नंबर, म्हणजे हेच ते इंजिन याची खूण. आरसी बुकात नोंद असते ती दुसऱ्याची.

वाळूतून आलेला आकडा

उठावाचा आकडा ब्लॉकवर येतो कसा, हे एकदा बघितलं की पुढचे निम्मे घोळ आपोआप सुटतात. घाट चढून कोल्हापूरला गेलात तर तिथल्या फाउंड्र्यांत हे काम रोज चालतं. आधी लाकडाचा किंवा धातूचा पॅटर्न करतात. तो खऱ्या वस्तूपेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो, कारण बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. पॅटर्नभोवती वाळू चेपून भरायची, पॅटर्न काढून घ्यायचा, राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. पॅटर्नवर अंक उठावाचे असतील तर वाळूत ते उलटे आणि खोलगट उमटतात आणि ओतल्यावर पुन्हा सुलटे, उठावाचे होऊन बाहेर येतात. म्हणून त्यांच्या कडा गोलसर असतात आणि पृष्ठभाग आजूबाजूच्या बिडासारखाच खरबरीत. नंतर कोणी चिकटवलेला किंवा वेल्डिंगने चढवलेला आकडा या खरबरीतपणावरून लगेच उघडा पडतो.

सिलिंडर आणि पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून साच्यात वाळूचेच कोअर बसवतात. ओतकाम झाल्यावर ती वाळू बाहेर काढायला भोकं लागतात, आणि ती भोकं पत्र्याच्या वाटीसारख्या प्लगने बुजवतात. थंडीत पाणी गोठून ब्लॉक फुटू नये म्हणून हे प्लग दिलेले असतात असं बरेच जण ठासून सांगतात. मालवणात तशी थंडी पडेपर्यंत वाट बघायची तर कठीण आहे. ती भोकं वाळूसाठीच असतात. जुन्या ब्लॉकची तब्येत बघायला मात्र हा प्लग फार उपयोगी. तो काढून आत बोट घातलं आणि गंजाचे पापुद्रे हातात आले, तर त्या इंजिनाने कधीतरी खारं पाणी प्यायलं असू शकतं. किनाऱ्यावर होडीवरून उतरलेलं इंजिन गाडीत बसवायचे उद्योग झालेले आहेत, त्यामुळे ही शंका अगदीच हवेतली नाही.

पॅटर्नवर मुख्य आकड्याखेरीज आणखीही खुणा असतात. फाउंड्रीचं चिन्ह असतं. एकाच वस्तूचे अनेक पॅटर्न एका वेळी चालत असतील तर कोणत्या पॅटर्नमधून निघालं हे कळावं म्हणून सुटा एखादा अंक असतो. आणि सगळ्यात कामाची म्हणजे ओतल्याची तारीख. ती बदलती असल्याने छोट्या पट्टीवर ठेवून स्क्रूने पॅटर्नला लावायचे. काही ब्लॉकवर तारखेच्या दोन्ही बाजूंना स्क्रूची डोकीसुद्धा बिडात उमटलेली दिसतात.

एकच ब्लॉक, तीन इंजिनं

कास्टिंग नंबरावरून नेमकं किती कळतं, याचं सगळ्यात झकास उदाहरण अमेरिकेतलं आहे. आपल्या रस्त्यावर ती गाडी क्वचितच दिसेल, पण उदाहरण म्हणून तिला तोड नाही. शेवरलेच्या छोट्या व्ही-८ (आठ सिलिंडरांच्या) इंजिनाचा ३९७००१० हा ब्लॉक १९६९ पासून वर्षानुवर्षं ओतला गेला. याच नंबराच्या ब्लॉकमधून ३०२, ३२७ आणि ३५० घनइंचांची तीन वेगवेगळी इंजिनं तयार झाली. तिन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४ इंच. फरक क्रँकशाफ्टचा, कारण पिस्टन किती खालीवर सरकतो तो स्ट्रोक त्यावर ठरतो: स्ट्रोक ३ इंच ठेवला की ३०२, सव्वातीन इंच ठेवला की ३२७, आणि ३.४८ इंच ठेवला की ३५०. म्हणजे उठावाचा आकडा अचूक वाचूनसुद्धा हातातलं इंजिन दुर्मीळ ३०२ आहे की गल्लोगल्ली मिळणारं ३५०, हे ठरत नाही. त्यासाठी ठोकलेला नंबर वाचावा लागतो. "कास्टिंग नंबर जुळतो, म्हणून इंजिन तेच" असं सांगून चढी किंमत मागणारा एक तर अडाणी असतो किंवा पक्का.

शेवरलेच्या या ब्लॉकवर कास्टिंग नंबर मागच्या बाजूला, गिअरबॉक्सचं बेल हाउसिंग जिथे बोल्टने बसतं त्या फ्लँजवर, गाडीच्या डाव्या अंगाला असतो. तारीख बहुधा उजव्या अंगाला. तारखेत आधी महिन्याचं अक्षर येतं, जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी असं करत डिसेंबरला एल. मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. 'सी १४ ९' म्हणजे १४ मार्च, आणि साल ९ वर संपणारं. ते १९५९, १९६९ की १९७९, हे तारीख सांगत नाही. कास्टिंग नंबर त्यातलं १९५९ तरी बाद करतो, कारण ३९७००१० हा ब्लॉक तेव्हा नव्हताच. शेवटी पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या (सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणाच्या) खालोखाल असलेल्या सपाट पट्टीवर 'व्ही०३२१' असा ठसा आणि पुढे दोन-तीन अक्षरं. व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, ०३२१ म्हणजे २१ मार्चला इंजिन जोडलं, आणि शेवटची अक्षरं कोणत्या मॉडेलसाठी ते सांगतात.

आता तीन तारखा ओळीने लावा: ब्लॉक ओतला १४ मार्चला, इंजिन जोडलं २१ मार्चला, गाडी बाहेर पडली त्यानंतर. हा क्रम उलटा होऊच शकत नाही. गाडी मार्चची आणि ब्लॉक जूनमध्ये ओतलेला, तर इंजिन नंतर बदललंय, मग मालक आजोबांची शपथ का घेईना.

फोर्डची पद्धत निराळी. सी८ओई-६०१५-ए यातलं सी म्हणजे १९६० चं दशक (डी असतं तर १९७० चं), ८ म्हणजे त्या दशकातलं ८ वर संपणारं साल, ओ म्हणजे फोर्डच्या फेअरलेन गाडीच्या घरातलं मॉडेल, ई म्हणजे इंजिन विभाग, आणि ६०१५ हा ब्लॉकचा ठरलेला आकडा. इथे १९६८ हे डिझाइनचं साल आहे, ओतल्याचं नव्हे. तेच डिझाइन पुढची दोन-तीन वर्षंही ओतलं जाऊ शकतं. ओतल्याची तारीख वेगळी दिलेली असते आणि तिचा क्रम आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा. शिवाय फोर्ड महिन्यांत आय हे अक्षर गाळतं, कारण ते १ या अंकासारखं दिसतं. त्यामुळे एल हे अक्षर शेवरलेत डिसेंबर आणि फोर्डमध्ये नोव्हेंबर. क्रायसलरने सरळ आकड्यांत तारीख दिली, पण अमेरिकन पद्धतीने महिना आधी. आपण ३-७ वाचून ३ जुलै म्हणतो, ते असतं ७ मार्च. या एवढ्याशा उलटसुलटीने पूर्ण क्रम बिघडलेला दिसतो आणि बिचारी खरी गाडी खोटी ठरते.

अमेरिकन पुस्तकांतली आणखी एक गोष्ट इथे जशीच्या तशी लावू नये. तिकडे ब्लॉक ओतल्यापासून गाडी बाहेर पडेपर्यंत थोडे आठवडे धरतात. आपल्याकडे जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती, १९५४ मध्ये ते थांबलं. सुटे भाग पेट्यांत भरून जहाजाने यायचे, मग गोदीत, मग गोदामात, मग जोडणी. त्या काळच्या मुंबईत जोडलेल्या गाडीत ब्लॉकची तारीख गाडीच्या पहिल्या पासिंगच्या कितीतरी आधीची निघाली तर त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

आपल्या जीपा, अँबेसेडर आणि पद्मिनी

कोकणात खरा प्रश्न व्ही-८ चा नसतोच. इथे जुनी गाडी म्हणजे महिंद्राची जीप, अँबेसेडर किंवा फियाट-पद्मिनी, आणि खरा प्रश्न असतो की हे आतलं इंजिन कितवं. पेट्रोल महागलं तशी आंब्याच्या पेट्या आणि माणसं वाहणाऱ्या जीपांतून पेट्रोल इंजिनं उतरली आणि डिझेल चढली. काहींची आरसीवर नोंद झाली, काहींची राहून गेली. अशा गाडीला मी कमी लेखत नाही. घाटात तीस वर्षं राबलेल्या जीपेत पहिलंच इंजिन असावं ही अपेक्षाच जास्त आहे. फक्त किंमत ओरिजिनलची मागू नये.

इथे नंबर वाचायच्या आधी डोळे वापरले तर काम लवकर होतं. महिंद्राने १९४७ पासून विलीस या अमेरिकन कंपनीच्या जीपा जोडायला सुरुवात केली. सगळ्यात जुन्या विलीस इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात, म्हणून हेड पाटासारखं सपाट. नंतरच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच राहिले. इंजिन उंच झालं म्हणून सीजे-३बी जीपेचं बॉनेटही उंच करावं लागलं. तेव्हा उंच बॉनेटखाली सपाट हेड दिसलं, तर उठावाचा आकडा शोधण्याआधीच काहीतरी अदलाबदल झाल्याचं कळतं. हरिकेनचा ठोकलेला नंबर ब्लॉकच्या पुढे उजव्या अंगाला, वॉटर पंपाजवळच्या उंचवट्यावर बघावा. डिझेल जीपेतलं प्यूजोचं एक्सडीपी ४.९० तर नावातच हिशेब सांगतं: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर.

बोअर-स्ट्रोकचा हिशेब कास्टिंग नंबराचा सख्खा भाऊ आहे. आकडा झिजलेला असला तरी माप खोटं बोलत नाही. हेड उतरवलेलं असेल तर बोअर मोजा, पिस्टन अगदी खाली आणि अगदी वर आणून स्ट्रोक मोजा. पद्मिनीला ६८ बाय ७५ मिलिमीटर यायला हवं, त्यातून १०८९ सीसी निघतात. अँबेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाला ७३ च्या थोडं वर बाय ८८.९, म्हणजे १४८९ सीसी. बोअर थोडा मोठा आला तर लगेच दचकू नये, बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन टाकलेले असतात. स्ट्रोक मात्र बोअरिंगने बदलत नाही, म्हणून भरवसा स्ट्रोकवर ठेवायचा. अँबेसेडरची एक खोच लक्षात असू द्या: तिचं जुनं डिझेल इंजिनही १४८९ सीसीचंच होतं. नुसत्या सीसीवरून पेट्रोलचं की डिझेलचं ते कळणार नाही, इंजेक्टर आहेत की स्पार्क प्लग ते बघावं आणि आरसीवरचं इंधनही. १९९२ नंतर आलेलं १.८ लिटरचं इसुझू इंजिन जुन्या गाडीत बसवलेलं असेल तर ते हेडमध्ये वर बसवलेल्या कॅमशाफ्टमुळे (व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या दांड्यामुळे) वेगळं ओळखू येतं.

आणखी एक फसगत हेडच्या नंबराची होते. हेड, मॅनिफोल्ड, बेल हाउसिंग, प्रत्येक ओतीव वस्तूला स्वतःचा कास्टिंग नंबर असतो, आणि हेडवरचा वर असल्याने आधी दिसतो. हेड एका इंजिनावरून काढून दुसऱ्यावर बसवणं हे तर गॅरेजचं नेहमीचंच. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. साधं लोहचुंबक लावलं की कुठला आकडा कशावर आहे ते कळतं. किनाऱ्यावर तेवढीही गरज पडत नाही, खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि बिडावर तांबडा गंज.

डिझेल, खडू आणि तिरका उजेड

आता प्रत्यक्ष वाचायचं. ब्लॉकवर ऑइल, धूळ आणि इथली तांबडी माती मिळून जो थर बसलेला असतो तो डांबरासारखा घट्ट असतो. पटाशी किंवा ग्राइंडर बिलकूल नको. ब्रशने डिझेल लावून अर्धा तास तसंच ठेवा, मग लाकडाच्या काडीने खरवडा आणि तारेच्या ब्रशने हलका हात मारा. फडक्याने कोरडं पुसलं की खडू आडवा धरून आकड्यांवरून फिरवा. उठलेल्या भागालाच खडू लागतो, खालचा भाग काळाच राहतो आणि इतका वेळ लपलेला अंक एकदम उभा राहतो. ठोकलेल्या नंबराला उलटं करायचं: खडूची पूड पसरून वरची पुसून टाका, खाचांत राहते तीच वाचायची.

बॅटरी समोरून मारली की उजेड सपाट पडतो आणि सगळं सारखंच दिसतं. ती पृष्ठभागाला जवळपास चिकटवून एका बाजूने मारा, आधी डावीकडून, मग वरून. सावली सरकली की ३ आणि ८ वेगळे होतात, ६ चं पोट आणि ० चं पोट वेगळं कळतं. हात पोचत नाही तिथे मोबाइल आत सरकवून फोटो घ्यावा. छोटा आरसा वापरला तर आकडे उलटे दिसतात हे विसरू नये. मग कागद ठेवून शिसपेन्सिलीने घासून छाप घ्या. फोटोपेक्षा छापावर माझा जास्त विश्वास आहे, कारण फोटोत डागसुद्धा अंकासारखा दिसतो. एखादा अंक तरीही नक्की वाचता येत नसेल तर अंदाजाने भरू नका, दोन्ही शक्यता लिहा. वाळू ढासळून ओततानाच अर्धवट उमटलेले अंक असतात, ते कितीही घासले तरी पूर्ण होणार नाहीत.

तसल्याच मॉडेलची, पहिल्यापासून एकाच घरात असलेली गाडी आसपास मिळाली तर तिच्या ब्लॉकवरची तीच जागा बघून यावी. आपल्याकडच्या गाड्यांच्या बाबतीत यासारखा पुरावा नाही.

ठशाची जागा

खाऱ्या वाऱ्याने उठावाचा आकडा गोलसर होतो, पण टिकतो. पहिला बळी जातो तो ठोकलेल्या नंबराचा, कारण तो उथळ असतो आणि गुळगुळीत मशिन केलेल्या पॅडवर असतो. पॅड बारीक फोडांनी भरला की अंक त्यातच विरघळतात. दुसरा धोका लेथवाल्याकडचा. काही ब्लॉकवर, वर सांगितलेल्या शेवरलेसारखं, नंबराचं पॅड आणि हेड बसतं तो पृष्ठभाग एकाच पातळीत असतात. हेड गॅस्केट वारंवार उडतंय म्हणून ब्लॉकचा माथा सपाट करायला दिला, तर मशिन नंबरही साफ करून टाकतं. यात कोणाची लबाडी नसते, पण कागदोपत्री ते इंजिन बेवारस होतं. म्हणून ब्लॉक मशिनिंगला देण्याआधी मिस्त्र्यांना पॅड दाखवून ठेवा आणि नंबराचा छाप घेऊन गाडीच्या कागदांत जपून ठेवा.

लबाडी कशी दिसते तेही सांगतो. मूळ पॅडवर मशिनच्या बारीक रेषा एका दिशेने धावतात. घासून पुन्हा ठोकलेल्या पॅडवर ग्राइंडरचे गोल फेरे दिसतात, पॅड आजूबाजूपेक्षा दबलेलं असतं, किंवा अंकांची उंची आणि ओळ कमीजास्त असते. ठोकताना धातू खालपर्यंत दाबला जातो, त्यामुळे वरचा थर घासला तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायनाने पुसलेला नंबर अनेकदा पुन्हा दिसतो. असं पॅड दिसलं तर गाडी कितीही देखणी असो, व्यवहार तिथेच थांबवावा. चोरीच्या गाडीचं इंजिन गळ्यात पडलं तर पोलीस चौकी तुम्हालाच चढावी लागेल. इंजिन सरळ बदललेलं आणि जुन्या मालकाकडे बिल असेल तर गोष्ट वेगळी. आरटीओत रीतसर नोंद करून आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घेता येतो, तो खर्च आणि त्रास सौद्यातच धरावा.

२०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, तेव्हापासून हे सगळं जास्त महत्त्वाचं झालंय. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली असेल, तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांपाठोपाठ व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. मूळ स्वरूपाची बाजू मांडताना ब्लॉकचा कास्टिंग नंबर, ओतल्याची तारीख आणि ठोकलेला इंजिन नंबर, तिन्हींचे फोटो आणि छाप हाताशी असले की बोलणं सोपं जातं. फॉर्मवर इंजिन नंबराच्या रकान्यात मात्र ठोकलेला नंबरच लिहायचा. उठावाचा लिहिलात तर पेणला, रत्नागिरीला नाही तर ओरोसला आणखी एक फेरी नक्की.

आणि तपासणी व्हायची असो वा नसो, मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, नंबराच्या पॅडवर ग्रीसचा पातळ हात मारून ठेवावा. रंग मारू नये. रंगाखाली खारी ओल अडकली की गंज आतल्या आत अंक खातो, आणि निरीक्षकासमोर तोच रंग खरवडताना उरलेसुरले अंकही जातात.